पावसाळ्याआधी खिडकीभोवतीच्या रुंद फटी बुजवताना

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधील फट पांढऱ्या सिमेंटने भरावी आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपावे, हा प्रकार मुंबई, पुणे आणि कोकणातील घरांत इतका नेहमीचा आहे की अनेकांनी ते वर्षाचे ठरलेले कामच मानले आहे. वास्तविक हे काम फार अवघड नाही. ते फसते ते बहुतेक वेळा माल कमी पडल्यामुळे नव्हे, तर जास्त ठासल्यामुळे. रुंद फटीत सीलंट, म्हणजे वाळल्यावर रबरासारखा लवचिक राहणारा फटी बुजवण्याचा पदार्थ, कोंबायचे नसते. आत योग्य आधार देऊन त्यावर सीलंटचा पातळ आणि ताणला जाणारा थर बसवायचा असतो. घराच्या बाहेरच्या अंगाच्या अशा फटी, त्यातही खिडक्यांभोवतीच्या फटी, प्रथमच स्वतः बुजवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

फट पुन्हा पुन्हा का उघडते

तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर दीड मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे दीड मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीचे काँक्रीट साधारण निम्म्यानेच वाढते. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरील गडद रंगाची चौकट पहाटे आणि दुपारी चार वाजता यांच्यात एवढा फरक सहज अनुभवते. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची चौकट तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही जास्त हलते. म्हणजे चौकटीची कड आणि गिलावा यांच्यातील अंतर रोज थोडेसे बदलत असते. पांढरे सिमेंट, रंगकामाआधी भिंतीला लावतात ती लांबी, एम-सीलसारखी इपॉक्सी पुट्टी हे सगळे कडक होणारे पदार्थ आहेत. ते या हालचालीबरोबर ताणले जात नाहीत, म्हणून त्यांच्या कडेला केसाएवढी चीर पडते, आणि वाऱ्याच्या दाबाने पाणी आत ओढले जायला तेवढी चीर पुरते.

सीलंट ताणले जाते, परंतु त्यालाही मर्यादा असते. बाहेरच्या कामासाठीच्या चांगल्या सीलंटच्या माहितीपत्रकावर ±२५ टक्के असा आकडा आढळतो. त्याचा अर्थ १२ मिलिमीटर रुंदीचा सांधा दोन्ही दिशांना ३ मिलिमीटरपर्यंत हलला तरी ते सीलंट टिकावे अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा दोन अटींवर पुरी होते. पहिली अट अशी, की सीलंट फक्त समोरासमोरच्या दोन बाजूंना चिकटलेले असावे. ते फटीच्या तळालाही चिकटले तर मधला भाग मोकळेपणाने ताणला जात नाही आणि फाटतो. दुसरी अट अशी, की थराची खोली रुंदीच्या निम्मी असावी. १२ मिलिमीटरच्या फटीत ६ मिलिमीटर आणि २० मिलिमीटरच्या फटीत १० मिलिमीटर हे प्रमाण बरोबर आहे. त्याहून जाड थर मजबूत दिसतो, पण ताण पडल्यावर कडेने सुटतो.

या दोन्ही अटी एकाच वस्तूने साधतात. तिला बॅकर रॉड म्हणतात: पॉलिथिनच्या फोमची ती गोल, लवचिक दोरी असते आणि ६ मिलिमीटरपासून पुढे वेगवेगळ्या जाडीत मीटरवर मिळते. कोपऱ्यावरच्या लहान दुकानात ती मिळेलच असे नाही. काचकाम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात विचारावे. सीलंटची नळी विकत घेण्याआधी ही दोरी मिळते का ते पाहावे, कारण रुंद फटीच्या कामात तिचे महत्त्व सीलंटच्या ब्रँडपेक्षा जास्त आहे.

काम कुणी करावे आणि केव्हा

तळमजला, बंगला, गच्चीवरील खोली किंवा बाल्कनीत उभे राहून हात पोहोचेल अशी खिडकी असेल, तर हे काम घरच्या माणसाला जमण्यासारखे आहे. वरच्या मजल्यावर खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून किंवा छज्जावर उतरून ते कधीही करू नये. तिथे परांची किंवा सुरक्षा-पट्ट्यासह दोरावर काम करणारे कारागीरच हवेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत बाहेरच्या भिंती सामाईक असतात, त्यामुळे त्या भिंतींतून येणाऱ्या गळतीची तक्रार प्रथम संस्थेच्या कार्यालयात लेखी द्यावी आणि स्वतः काही करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. दोन विंगांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत सरळ जाणारा सांधा हा इमारतीचा प्रसरण-सांधा (एक्स्पान्शन जॉइंट) असतो. तो एका सदनिकेपुरता बुजवून उपयोग नसतो, म्हणून त्याला हात लावू नये.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. त्याआधी सीलंट पूर्ण पक्के व्हायला हवे, म्हणून एप्रिल किंवा मेचा पहिला पंधरवडा हा हिशेब ठीक बसतो. ऑक्टोबर संपल्यानंतरही काम करता येते, पण पावसात भिजलेली भिंत वरवर कोरडी दिसली तरी आतून ओली असू शकते. शंका असेल तर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस भिंतीवर ठेवावा. आतून दव जमले तर थांबावे. नव्या सिमेंट गिलाव्यावर किमान २८ दिवस जाऊ द्यावेत.

दिवसातली वेळही निवडावी लागते. ऊन पडून तापलेल्या भिंतीवर सीलंट ओघळते आणि त्यात बुडबुडे येतात; शिवाय त्या वेळी चौकट पूर्ण पसरलेली असल्याने फट सर्वांत अरुंद असते. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीचे काम सकाळी आणि पूर्वेच्या भिंतीचे काम दुपारनंतर सावलीत करावे. मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेकडील खिडक्या आधी हाती घ्याव्यात.

पाणी नेमके कुठून येते

डाग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो म्हणून फटही तिथेच असेल असे नाही. छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यातून शिरलेले पाणी गिलाव्यामागून उतरते आणि चौकटीच्या खाली बाहेर पडते. म्हणून बाहेरून पाहणी वरून खाली करावी: प्रथम छज्जाच्या वरचा सांधा, मग चौकटीची वरची कड, मग उभ्या कडा आणि शेवटी खालचा भाग. हातोडीच्या दांड्याने कडेचा गिलावा हलकेच ठोकून पाहावा. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपासून सुटलेला आहे. त्यावर कितीही महागाचे सीलंट लावले तरी ते सुटलेल्या पापुद्र्यालाच चिकटून राहणार. असा भाग काढून नव्याने गिलावा करून घ्यावा. खिडकीबाहेरच्या पाटाचा उतार आतल्या बाजूला असेल, तर तेही गवंड्याचे काम आहे.

याच पाहणीत ज्या जागा बुजवायच्या नाहीत त्या खडूने खूण करून ठेवाव्यात. सरकत्या खिडकीच्या खालच्या चॅनेलला बाहेरून लहान आडवी छिद्रे असतात. चॅनेलमध्ये साचणारे पाणी त्यांतून बाहेर जाते. ती बंद केली तर पाणी चॅनेल भरून घरात ओसंडते. छज्जाच्या खालच्या बाजूला कडेजवळ एक खाच असते, तिच्यामुळे पागोळी भिंतीकडे न वळता खाली गळते. तीही मोकळी हवी. उत्साहाच्या भरात या दोन्ही जागा बुजवणारे कारागीर कमी नाहीत, म्हणून काम दुसऱ्याकडून करून घेतानाही या खुणा स्वतः दाखवाव्यात.

फटीची रुंदी मोजणे

पट्टीने प्रत्येक बाजूची रुंदी तीन-चार ठिकाणी मोजावी. ६ मिलिमीटरपर्यंतच्या फटीला साधे सीलंट पुरते. ६ ते २५ मिलिमीटरच्या फटी हा या लेखाचा मुख्य विषय आहे. त्यांत बॅकर रॉड आणि त्यावर सीलंट ही जोडी वापरावी. फट २५ मिलिमीटरहून रुंद असेल, तर ती प्रथम पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरून अरुंद करावी आणि चौकटीलगत १० ते १२ मिलिमीटरची खाच सोडावी. मसाला भरताना तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी चौकटीला टेकवून ठेवली आणि मसाला थोडा ताठरल्यावर काढून घेतली की खाच सरळ येते. या मसाल्यालाही वाळायला वेळ द्यावा लागतो, त्यामुळे अशा खिडक्यांचे काम सर्वांत आधी सुरू करावे.

फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम इथे अनेकांना सोपा वाटतो. तो पोकळी भरतो आणि आवाज अडवतो हे खरे, परंतु उन्हात तो पिवळा पडून भुसभुशीत होतो आणि पावसाच्या माऱ्याला तो एकटा पुरा पडत नाही. वापरायचाच असेल तर थोडा थोडा मारावा, कारण फुगताना तो हलक्या चौकटीला वाकवू शकतो आणि मग खिडकी अडकते. वाळल्यावर तो बाहेरून १० ते १२ मिलिमीटर खोल कापून घ्यावा आणि त्यावर सीलंट लावावे.

सीलंटची निवड

दुकानात नुसते ‘सिलिकॉन द्या’ म्हटले की बहुधा स्वस्त, व्हिनेगरसारख्या आंबट वासाचे सिलिकॉन हाती येते. ते काचेला उत्तम चिकटते, पण वाळताना त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटते. ते आम्ल सिमेंट, संगमरवर आणि धातूला मानवत नाही, त्यामुळे गिलाव्यावरची पकड कमजोर राहते. भिंतीच्या कामासाठी नळीवर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉन मागावे. ते उन्हात वर्षानुवर्षे टिकते. त्याचा दोष एवढाच की त्यावर रंग बसत नाही, म्हणून चौकटीच्या किंवा भिंतीच्या रंगाशी जुळणारी नळी निवडावी लागते.

पॉलियुरेथेन म्हणजे पीयू सीलंट गिलावा आणि काँक्रीट घट्ट धरते आणि त्यावर रंग देता येतो. उघड्यावर ठेवले तर उन्हाने त्याचा पृष्ठभाग पिवळा आणि पिठूळ होतो, म्हणून त्यावर रंग देणे हे केवळ शोभेसाठी नसते. हायब्रीड या नावाने मिळणारे सीलंट या दोहोंच्या मधले आहे: रंगही बसतो आणि ऊनही बऱ्यापैकी सोसते. अ‍ॅक्रिलिक सीलंट पाण्यात मिसळणारे असते आणि वाळताना आक्रसते. गिलाव्यातील बारीक चिरांना ते योग्य, रुंद फटींना अजिबात नाही. माझे मत असे, की अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीभोवती न्यूट्रल सिलिकॉन आणि रंगवायच्या भिंतीतील सांध्यांत पीयू किंवा हायब्रीड वापरावे, आणि जिथे पूर्वीचे सिलिकॉन पूर्ण निघत नाही तिथे पुन्हा सिलिकॉनच लावावे, कारण त्याच्या अवशेषांवर दुसरे काहीही चिकटत नाही.

किती माल लागेल याचा हिशेब सोपा आहे. एका साध्या नळीत साधारण ३०० मिलिलिटर माल असतो. १२ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल सांध्याला तो सुमारे चार मीटर पुरतो. १.२ बाय १.५ मीटरच्या खिडकीचा घेर ५.४ मीटर होतो, म्हणजे अशा एका खिडकीला दीड नळी धरावी. घेताना नळीवरील तारीख पाहावी. मुदत उलटलेले सीलंट कित्येकदा चिकटच राहते, वाळत नाही.

प्रत्यक्ष काम

सर्वाधिक वेळ सफाईला द्यावा. कटरने जुन्या सीलंटच्या दोन्ही कडा कापून ते ओढून काढावे, जुने पांढरे सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने सोडवावे आणि फटीच्या दोन्ही बाजू तारेच्या ब्रशने घासाव्यात. भिंतीच्या बाजूवरचा रंग खरवडून गिलाव्यापर्यंत जावे, कारण सीलंट रंगाला चिकटते आणि रंगच भिंतीवरून सुटतो. मग कोरड्या ब्रशने धूळ झाडून चिकटपट्टीचा तुकडा दाबून उपटून पाहावा. त्यावर पीठ आले तर सफाई अजून व्हायची आहे. चौकटीची कड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने कोरडी करावी. गिलावा भुसभुशीत किंवा फार शोषक असेल, तर सीलंटच्या कंपनीने सुचवलेला प्रायमर, म्हणजे पकड वाढवणारा पहिला पातळ थर, भिंतीच्या बाजूला ब्रशने लावावा. छिन्नी चालवताना चष्मा आणि सीलंट हाताळताना हातमोजे घालावेत. पीयू त्वचेवरून सहज निघत नाही.

यानंतर बॅकर रॉड बसवावा. त्याची जाडी फटीच्या रुंदीपेक्षा सुमारे पाव पटीने जास्त हवी, म्हणजे १२ मिलिमीटरच्या फटीला १५ मिलिमीटरचा रॉड. दाबून बसवल्याने तो जागेवर घट्ट राहतो. तो ओढून ताणत बसवू नये, कारण ताणलेला रॉड नंतर आक्रसून टोकाशी जागा सोडतो. टोकदार हत्याराने ढकलू नये. रॉडला भोक पडले तर त्यातील हवा बाहेर येऊन सीलंटमध्ये फुगे करते. लाकडाच्या पट्टीला हव्या त्या खोलीवर खूण करून तिच्या बोथट टोकाने रॉड सर्वत्र सारख्या खोलीवर दाबावा. फट उथळ असेल आणि रॉडला जागाच नसेल, तर तळाशी पॅकिंगची प्लास्टिक चिकटपट्टी लावावी. सीलंट तिला धरत नाही, त्यामुळे दोन बाजूंच्या पकडीचा नियम तिथेही पाळला जातो.

फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी. नळीचे तोंड तिरपे, फटीपेक्षा किंचित अरुंद कापावे आणि नळीतला माल दाबून बाहेर काढणारी गन सावकाश, एकसारख्या वेगाने चालवावी. २० मिलिमीटरच्या आसपासच्या फटीत एकाच फेरीत माल टाकला तर कडांना पोकळी राहते. म्हणून आधी भिंतीच्या कडेने एक धार, मग चौकटीच्या कडेने दुसरी आणि शेवटी मध्ये तिसरी, अशा तीन फेऱ्या लागोपाठ, पहिली ओली असतानाच माराव्यात. मध्येच थांबायचे झाले तर कोपऱ्यात थांबू नये, सरळ भागात थांबावे.

माल भरला म्हणजे काम झाले असे नवशिक्यांना वाटते, पण पुढच्या पाच-दहा मिनिटांतच पकड ठरते. गोल टोकाच्या पत्र्याने किंवा आइस्क्रीमच्या काडीसारख्या पट्टीने सीलंट आत दाबत एका दिशेने न्यावे, म्हणजे ते दोन्ही बाजूंवर नीट दाबले जाते आणि वरचा भाग किंचित खोलगट होतो. खाली रॉडची गोलाई आणि वर ही खोलगट रेघ, त्यामुळे थर मध्ये पातळ आणि कडांना जाड राहतो, आणि ताणला जाण्यासाठी तोच आकार उत्तम असतो. सिलिकॉनवर पट्टी फिरवताना ती साबणाच्या पाण्यात बुडवली तर चिकटत नाही, पण ते पाणी सीलंट लागायच्या आधीच्या उघड्या कडांवर सांडू देऊ नये. पीयूवर साबणाचे पाणी न वापरता कंपनीने सांगितलेलेच द्रावण वापरावे. सीलंटच्या पृष्ठभागावर साय धरण्यापूर्वी टेप सांध्यापासून तिरपी ओढत काढावी. सिलिकॉनला साय धरायला साधारण १० ते ३० मिनिटे लागतात, म्हणून एका वेळी एकच बाजू पुरी करावी.

वाळण्याचा वेग हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असतो. साधारणपणे २४ तासांत २ ते ३ मिलिमीटर थर पक्का होतो. १० मिलिमीटर खोल सांधा आठवडाभर न ताणता, न धुता राहू द्यावा. त्यानंतर पाण्याच्या नळीने चाचणी घ्यावी. पाणी हलक्या धारेने आधी खिडकीच्या खालच्या भागावर, मग उभ्या कडांवर आणि शेवटी वर, प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटे सोडावे आणि घरात कुणाला तरी उभे करावे. खालून वर गेल्याने पाणी आले तर ते नेमके कोणत्या पातळीवरून आले हे कळते.

एसीच्या नळ्यांचे भोक

खिडकीनंतर सर्वाधिक दुर्लक्षित जागा म्हणजे एसीच्या तांब्याच्या नळ्यांसाठी पाडलेले भोक. ते बाहेरच्या बाजूला उतरते असावे आणि नळ्या भोकात शिरण्यापूर्वी खाली झोका घेऊन मग वर चढाव्यात, म्हणजे त्यांवरून वाहणारे पाणी तिथेच गळून जाते. भोकाच्या आत स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची तारेची घासणी दाबून बसवावी, कारण उंदीर फोम सहज कुरतडतात, तार नाही. लोखंडी तार मात्र गंजून भिंतीवर डाग पाडते. त्यावर फोम, तो कापून १० मिलिमीटरची खाच आणि वर न्यूट्रल सिलिकॉन असा क्रम ठेवावा. नळ्यांवरचे काळे आवरण वर्षा-दोन वर्षांत फाटते, त्यामुळे इथला सांधा खिडकीपेक्षा लवकर पाहावा लागतो.

नंतरची देखरेख

दरवर्षी एप्रिलमध्ये सांध्यावरून बोट दाबत जावे. सीलंट भिंतीच्या बाजूने सुटलेले आढळले, तर सफाई किंवा प्रायमर कमी पडला होता. तेवढा तुकडा पूर्ण काढून बाजू नव्याने घासाव्यात, वरून दुसरा थर फासू नये. सीलंट दोन्ही बाजूंना घट्ट असून मध्येच फाटले असेल, तर थर फार पातळ होता, ते तळाला चिकटले होते किंवा फट अंदाजापेक्षा जास्त हलते आहे. अशा वेळी फट थोडी रुंद करून योग्य जाडीच्या रॉडसह पुन्हा भरावी. चौकटीच्या कोपऱ्यापासून गिलाव्यात तिरपी भेग निघाली असेल, तर तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने तारीख लिहून ठेवावी. ती भेग पुढे सरकत किंवा रुंद होत राहिली, तर सीलंट बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.